ढोरांचा दवाखाना

गोंदिया शहराची वस्ती जिथे संपायला हवी आणि तरीही जिथे ती संपलेली दिसत नाही, अशा ठिकाणी फुलचूर हे गाव आहे. जनगणना खात्याने त्यास नगर ठरविले, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला; आणि नाका, पेठ व टोला ही तिन्ही पदे आज त्याच एका नावाला लागून फुलचूरनाका, फुलचूरपेठ, फुलचूरटोला अशी निरनिराळी स्थळे दाखवितात, यावरून रस्ता, बाजार आणि शेतवाडी यांची येथे किती सरमिसळ झाली आहे याची कल्पना यावी. अशा वस्तीत लोक ज्याला साध्या भाषेत 'ढोरांचा दवाखाना' म्हणतात त्या संस्थेचा पूर्वेतिहास आठवणे मला विशेष उद्बोधक वाटते. धानाच्या बांधीतून आलेला बैल, संकरित गाय, शेळी आणि साखळीला बांधलेला विलायती जातीचा कुत्रा हे चौघे एकाच सकाळी एकाच आवारात उभे राहावेत, हे शुद्ध खेड्यात घडत नाही आणि शुद्ध शहरातही घडत नाही. ते शहराच्या कडेला, अशा नाक्यावरच घडते. आणि हे चौघे त्या आवारात एकदम आलेले नाहीत. प्रत्येकाचा प्रवेश निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणाने आणि बहुधा सरकारच्या मूळ हेतूबाहेर झालेला आहे.

या व्यवसायाचे सर्वांत जुने सरकारी नाव 'सलोत्री'. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव परंपरेने घेतले जाते त्या शालिहोत्राचे नाव फारसी-उर्दूच्या दप्तरातून घासून-पुसून निघाले आणि घोड्याचा वैद्य या सामान्य अर्थाने ते सैन्याच्या छावण्यांत रूढ झाले. एका ऋषीचे नाव एका हुद्द्याचे नाव व्हावे आणि तो हुद्देदार लगाम धरून उभा राहणारा पगारी नोकर असावा, ही भाषेची गंमत खरीच. परंतु त्यात एक अर्थही आहे. महाभारतातील विराटपर्वात अज्ञातवासी नकुल घोड्यांकडे जातो आणि सहदेव तंतिपाल या नावाने गाईंकडे जातो. म्हणजे कवीने दोघा भावांत अश्व आणि गोधन यांची वाटणी करून ठेवली. इंग्रजी राज्याने नकुलाची बाजू आधी उचलली व सहदेवाची कितीतरी उशिरा. पुण्यास १८६२ साली जी लष्करी पशुवैद्यक शाळा उघडली तिचे प्रयोजन तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे हे होते. बैल हा तोवर ज्याचा त्याने सांभाळायचा होता.

बैलाकडे लक्ष गेले ते बुळकांडीमुळे. ज्वर, तोंडात व्रण, मागाहून अनावर हगवण आणि आठ-दहा दिवसांत मृत्यू, असा हा रोग एका कोठ्यात शिरला की गावाची दावण रिकामी करूनच बाहेर पडत असे. पुण्याच्या शाळेशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या हॅलनसाहेबांच्या प्रमुखत्वाखाली गुरांच्या साथीचा शोध घेण्यासाठी आयोग बसला आणि १८७१ साली त्याचा अहवाल निघाला. पुढे १८८६ साली मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ साली पुण्यातच सायन्स कॉलेजच्या आवारात साम्राज्याची जंतुशास्त्र-प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि रोगजंतूंशी इतक्या दाट वस्तीत खेळणे धोक्याचे ठरल्यावर १८९३ साली ती हिमालयाच्या कुशीत मुक्तेश्वरास हलविण्यात आली. तेथे १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख येऊन गेले. १८९९ पासून तेथे बुळकांडीविरुद्धचे सीरम तयार होऊ लागले. याच सुमारास मुलकी पशुवैद्यक खाते अस्तित्वात आले. मुलकी या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. धान्य पेरणारा बैल मेला तर सारा बुडतो, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. एखाद्या कुणब्याचा एखादा बैल लंगडतो आहे, ही बाब त्या हिशेबात कोठेच बसत नव्हती. कळप हा रोगी होता. एकटे जनावर अद्याप रोगी झालेले नव्हते.

आपल्या भागात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात, या एकट्या जनावराचा वाली कोण होता? एक तर ढोरकी. पहाटे आखरावर सगळ्या गावाची ढोरे गोळा करावी, दिवसभर रानात वळावी आणि सांजेला ज्याची त्याच्या दारी पोचवावी, हे काम या मुलखात बहुतांशी गोवारी समाजाने पिढ्यान् पिढ्या केले; आणि शंभर शेपट्यांतून कोणती गाय आज रवंथ करीत नाही, कोणत्या हल्याचा, म्हणजे रेड्याचा, पाय जड पडतो आहे, हे त्याच्याइतके धन्यालाही ठाऊक नसे. दुसरा, गावातला एखादा जाणता म्हातारा, ज्याच्यापाशी जखमेतल्या किड्यांवर सीताफळाचा पाला, सुजेवर हळद, पोटफुगीवर तेल आणि हिंग आणि ज्यावर काहीच चालत नाही त्यावर तापल्या लोखंडाचा डाग, एवढी सामग्री असे. औषध पाजावयाचे ते बांबूच्या तिरप्या कापलेल्या नळ्यातून. तिसरा नालबंद, आणि चौथे अर्थातच दैवत. साथ आली की गावाची शीव बांधण्याचा विधी होई, त्या दिवशी बाहेरचे आत येत नसत व आतले बाहेर जात नसत. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढून गावची रोगराई शिवेपार नेऊन टाकण्याची चाल तर पूर्व विदर्भात आजही चालू आहे. शिक्षित मनुष्य या गोष्टींना हसतो. परंतु शीव बंद करणे म्हणजे संसर्ग रोखणेच होय, आणि हॅलनसाहेबांच्या काळापासून सरकारी पशुवैद्य साथीच्या गावी जाऊन प्रथम जो हुकूम देई तो याहून फार निराळा नसे, हे हसण्यापूर्वी आठवावे.

सरकारी वैद्य गावात येई तो वर्दी गेल्यावर. मालगुजाराच्या गावात मुकद्दम आणि कोतवाल यांच्यामार्फत खबर वर चढे, हुकूम खाली उतरे आणि या चढउतारात जे दिवस जात त्यांत साथ आपले काम उरकून घेई. शिवाय सीरमाचे संरक्षण अल्पजीवी; काही आठवड्यांचे. त्या बरोबरीने जिवंत रोगविष टोचावे तर प्रतिकार टिकाऊ होई, परंतु सीरम महाग आणि खेड्यापाड्यांत पुरवायला कठीण. ही अडचण १९२७ साली मुक्तेश्वरच्या एडवर्ड्स यांनी सोडविली. त्यांनी बुळकांडीचे विष शेळ्यांच्या अंगातून पुनःपुन्हा उतरवून असे सौम्य केले की ते गाईबैलांस मारीनासे झाले, पण रोगाची ओळख मात्र जन्मभराची करून देऊ लागले. येथे आपल्या प्रांताचे नाव अभिमानाने घेण्याजोगे आहे. सीरमाचा आधार मुळीच न घेता, शेळीतून काढलेले हे विष एकटेच मैदानी मुलखातील सामान्य जनावरांस टोचून पाहण्याचे साहस मध्य प्रांताच्या पशुवैद्यक खात्यातील स्टर्लिंग यांनी केले आणि १९३२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जनावरांच्या इतिहासात नाव गाजते ते घोड्याचे आणि गाईचे. शेळीच्या वाट्याला येते ती सुरी. पण बुळकांडीतून या देशाची दावण वाचली ती शेळीच्या प्लीहेतून काढलेल्या लसीने, ही गोष्ट कोणत्या पोवाड्यात आलेली माझ्या ऐकिवात नाही.

१९२६ ते १९२८ या वर्षांत शेतीविषयक शाही आयोगाने देशभर फिरून जो अहवाल दिला त्यात दर पंचवीस हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा अशी अपेक्षा व्यक्त केली होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९७६ साली, राष्ट्रीय कृषी आयोगाने तोच आकडा पाच हजारांवर आणला. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरातच दवाखाना खेड्यापाड्यांपर्यंत पोचला. साथीमागे धावणारा फिरता वैद्य एका जागी बसू लागला, त्याला कौलारू खोली मिळाली, तिच्यापुढे लाकडी खोडा रोवला गेला, आणि 'साहेब, बैल खात नायी जी' असे म्हणत एकटा माणूस एकटे जनावर घेऊन त्या खोड्यापाशी उभा राहिला. सरकारने दवाखाना उघडला तो स्थानिक संस्थांच्या खर्चाने आणि साथीच्या बंदोबस्तासाठी. रयतेने तो वापरला आपल्या एकेका बैलासाठी. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातील खरी क्रांती हीच होय, आणि ती कोणाच्याही हुकमाने झालेली नाही.

वैद्य कोठून येत? भंडाऱ्याच्या मुलास ही विद्या शिकावयाची तर पूर्वी प्रांताबाहेर मुंबई-कलकत्त्याची वाट धरावी लागे. १९४८ साली जबलपूरला महाविद्यालय निघाले, तेव्हा गोंदियाकरांस ते एका अर्थाने दारातच आले, कारण गोंदियाहून सातपुड्याचे घाट चढत जबलपुरास जाणारी छोटी लाईन विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होती. पण आठच वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर परराज्यात राहिले. १९५८ साली नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय उघडले गेले ते या पार्श्वभूमीवर. आज ते २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे अंग आहे.

परंतु दवाखाना म्हणजे केवळ वैद्य अशी समजूत करून घेणे म्हणजे देऊळ म्हणजे केवळ कळस असे म्हणण्यासारखे आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील बहुतेक दवाखाने त्यांच्या ताब्यात गेले. तेव्हापासून राज्याचे दवाखाने वेगळे, परिषदेचे वेगळे, त्यांत पुन्हा श्रेणी एक व श्रेणी दोन, अशी जी मांडणी झाली ती आजतागायत शेतकऱ्याला समजलेली नाही. आणि समजून घेण्याची त्याला गरजही पडलेली नाही. श्रेणी एकच्या प्रमुखास पशुधन विकास अधिकारी म्हणतात, तो पदवीधर. श्रेणी दोनचा भार सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक वाहतो. तो पदविकाधारक, आणि जुनी माणसे त्याला अजूनही 'स्टॉकमन' म्हणतात. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराकडे दिला व बाकीच्यांस किरकोळ सेवा, त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली, एवढीच मुभा ठेवली. त्यावरून या दोन वर्गांत जो वाद पेटला तो अद्याप धुमसतो आहे. कायदा म्हणून तो योग्यच. मात्र रात्री अकरा वाजता आडवे आलेले वासरू बाहेर काढावयाचे असता जो जवळ असेल त्याच्याच हाताला लोक डॉक्टरचा हात म्हणत आले, आणि पंचवीस मैलांवरच्या पदवीपेक्षा हाकेवरचा हात त्यांनी पसंत केला, यात त्यांची चूक काढता येत नाही.

या सर्वांखालचा हुद्दा मला सर्वांत प्रिय आहे: व्रणोपचारक. इंग्रजीतल्या ड्रेसरचे हे संस्कृत रूपांतर ज्या कोण्या भाषाधिकाऱ्याने केले असेल त्याला व्याकरणाची जाण होती खास. पण त्या पदावरचा मनुष्य जखम धुतो, पट्टी बांधतो एवढेच काम करीत असेल असे जर त्याला वाटले असेल तर त्याने दवाखाना कधी पाहिला नसावा. व्रणोपचारक आणि परिचर ही जोडी बैल पाडते. चारही पाय एका फासात घेऊन, दोरी ओढत ओढत, पाचशे किलोचे धूड कोणत्या कुशीवर आणि किती हळू जमिनीला टेकवायचे, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात इतक्या चांगल्या रीतीने शिकविली जात नाही. वेसण कोणत्या क्षणी आवळायची, डोळ्यांवर पोते कधी टाकायचे, कोणत्या धन्याला दूर उभे करायचे म्हणजे त्याची भीती जनावराला लागणार नाही, हे सारे त्यांना ठाऊक असते. खोंड बडवण्याची जुनी रीत तर ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येत नाही. दगड आणि लाकूड यांमध्ये अंड चेचण्याच्या त्या यातनेला पर्याय म्हणून बर्डिझो नावाचा इटालियन चिमटा दवाखान्यात आला, आणि रक्ताचा थेंब न सांडता खच्चीकरण होऊ लागले. वैद्यकाने या मुलखातील बैलावर केलेल्या उपकारांत मी या चिमट्याला लसीच्या खालोखाल स्थान देईन. चिमटा वैद्याच्या हाती असतो. खोंड मात्र व्रणोपचारकाच्या हाती असतो.

धानाच्या मुलखाचे रोगही धानाचे. रोवणीच्या हंगामात गुडघाभर चिखलात बैल आणि हले दिवसच्या दिवस राबत, तेव्हा खांदेसूज आणि कुजलेले खूर यांनी दवाखान्याचे आवार भरून जाई. मालगुजारी तलाव ही या भागाची पुण्याई. पण तलावाच्या कडेला गोगलगाय असते, गोगलगायीत यकृतातल्या चपट्या कृमीचे बीज असते, आणि काठचे हिरवे गवत खाऊन आलेले जनावर काही महिन्यांनी जबड्याखाली पाण्याची सूज घेऊन उभे राहते. पाऊस पडण्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या यांची लस टोचावी, पुढे लाळ्या-खुरकुताची टोचावी, मधल्या काळात जंतनाशक पाजावे, असा या दवाखान्याचा वर्षाचा शिरस्ता असतो. त्यात कागदाचेही काम कमी नाही: विम्याच्या जनावराचे शवविच्छेदन, वीज पडून किंवा सर्पदंशाने मेलेल्या गाईचा दाखला, आणि नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांतून वाघाने मारलेल्या गुराचा पंचनामा.

मागे १९५१ नंतरच्या पंचवार्षिक योजनांत मुख्यग्राम योजना आली आणि दवाखान्याचे लक्ष जनावराच्या शरीराकडून त्याच्या वंशाकडे वळले. कृत्रिम रेतनाचे प्रयोग देशात म्हैसूरला १९३९ मध्ये आणि इज्जतनगरला त्यानंतर थोड्याच वर्षांत झाले होते. पुढे द्रवरूप नत्राच्या पात्रात, उणे १९६ अंशांवर, रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकू लागल्या तेव्हा हे तंत्र फुलचूरसारख्या गावापर्यंत पोचणे शक्य झाले. गाय माजावर आली की धनी पूर्वी तिला सांडाकडे नेई. आता तो दवाखान्याकडे नेतो किंवा फोन करतो. यातून दुधाची गाय आली, पण तिच्या पोटी येणारा संकरित गोऱ्हा चिखलात उभा राहीना. ट्रॅक्टर आला, मळणीचे यंत्र आले, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता तो बैल एकेका कोठ्यातून मुकाट्याने निघून गेला. बैल गेला ते वर्ष कोणी टिपून ठेवलेले नाही. नोंदवहीत त्याचा रकाना मात्र अजून आहे.

बुळकांडीचा शेवट मात्र नीट टिपलेला आहे. १९५४ साली निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली, १९९५ साली भारतात शेवटची लागण झाली, २००६ साली देश रोगमुक्त ठरला आणि २०११ साली जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली; मनुष्याच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. खांद्याला शीतपेटी अडकवून बांधाबांधाने चाललेल्या स्टॉकमन आणि ड्रेसर यांच्या कित्येक पिढ्यांचे हे काम. त्यांच्या नावाचा एखादा स्तंभ कोठे उभारलेला मी पाहिला नाही.

याच दवाखान्याच्या कपाटातून एक अनर्थही घडला, तो सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त आणि गुणकारी. लंगडत्या बैलाला एक सुई दिली की तो चालू लागे. पण असे औषध घेतलेले जनावर मेले आणि गावाबाहेर टाकलेल्या त्याच्या मढ्यावर गिधाडे बसली की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. कारण उलगडेपर्यंत आकाश रिकामे झाले होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गोंदिया जिल्ह्याला आज सारसांचा जिल्हा म्हणून ओळखतात. गिधाडांचा जिल्हा म्हणून त्याची आठवण काढणारे आता फक्त म्हातारे ढोरकी.

लम्पीची साथ २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरली तेव्हा गाईंना टोचण्यासाठी हाताशी जी लस होती ती शेळ्यांच्या देवीची. नव्वद वर्षांनी पुन्हा शेळीच कामी आली. दवाखान्यात मात्र शेळीचा मान आजही शेवटचाच. गाय तपासून झाली, साहेबांच्या ओळखीच्या माणसाचा कुत्रा तपासून झाला, की मग कोण्या म्हातारीच्या काखेतली पाट. कुत्र्याविषयी माझी तक्रार नाही. फुलचूरच्या बाजूला नवी घरे झाली, घरांना फाटके झाली आणि फाटकांना कुत्री आली, हे ओघानेच आले. आणि रेबीजची सुई देणारा हात तोच, जो काल फऱ्याची देत होता. कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला मिरवणारी गाय आणि गळ्यात पट्टा मिरवणारा कुत्रा आता एकाच पडवीत एकमेकांकडे साशंक मुद्रेने पाहत असतात. आताशा तर १९६२ हा क्रमांक फिरविला की दवाखानाच गाडीत बसून येतो. जिल्हा परिषदांचे जन्मवर्ष आणि हा क्रमांक यांचे जुळणे योगायोगाचे असावे, पण सलोत्री, स्टॉकमन, व्रणोपचारक यांच्या मालिकेत त्यामुळे आणखी एका हुद्द्याची भर पडली: चालक. एका जागी बसायला ज्याला पन्नास वर्षे लागली तो वैद्य पुन्हा फिरता झाला.

आणि बैल? तो दवाखान्यात अजून एका निमित्ताने येतो. आपल्या झाडीपट्टीतला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, न्यायालयाच्या मनाईने काही वर्षे बंद होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली ती अटींवर, आणि त्यांतील एक अट अशी की धावणाऱ्या प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाने तपासणी करून तो सक्षम असल्याचा दाखला द्यावा. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी, पटाच्या आदल्या दिवशी, शिंगे रंगवलेली एखादी जोडी त्या जुन्या खोड्यापाशी आणून उभी करतात. अशा बैलाने चिखल पाहिलेला नसतो. त्याला सरकी आणि दूध मिळत असते. व्रणोपचारक वेसण धरतो, पशुधन विकास अधिकारी नाडी पाहतात, खूर उचलून पाहतात, आणि मग सवयीने त्यांचा हात खांद्यावर जाऊन जुवाची सूज चाचपतो. खांदा गुळगुळीत असतो. ते दाखल्यावर सही करतात, आणि पडवीतली म्हातारी आपली पाट घेऊन पुढे सरकते.